ओबीचा खडक रस्त्यात वापरायचा, तर तो खाणीतच वेगळा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूर–चंद्रपूर, नागपूर–गोंदिया आणि भंडारा–गडचिरोली या नियोजित द्रुतगती महामार्गांची चर्चा सध्या मुख्यतः भूसंपादन आणि मोबदला या दोन अंगांनी होते, आणि ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांच्या दृष्टीने ते रास्तच आहे. परंतु या रस्त्यांच्या भरावाला लागणारा मुरूम आणि वरच्या थरांना लागणारी गिट्टी कोठून येणार, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो. आजवरचा रिवाज पाहिला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तात्पुरते परवाने काढून टेकड्या फोडल्या जातील, गावांच्या गायरानांतून मुरूम उचलला जाईल आणि काम संपल्यावर उघडे खड्डे तसेच मागे राहतील. हे सारे अशा प्रदेशात घडेल, जिथे कोळशासाठी फोडून बाहेर टाकलेल्या खडकाचे डोंगर गावागावांच्या शिवेवर उभे आहेत. चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी, वणी, उमरेड या पट्ट्यातून प्रवास करणाऱ्या कोणालाही ते दुरून दिसतात. रस्तेबांधणीच्या कामात आयुष्य गेलेला एक अभियंता म्हणून या खडकाविषयी काही गोष्टी सविस्तर मांडाव्यात, यासाठी हा पत्रप्रपंच.

खाणीतला हा खडक-मातीचा ढीग वापरावा, असे म्हणणारा मी पहिला नव्हे. कोळशावरच्या या साऱ्या सामग्रीला खाणीत आणि आसपासच्या गावांत सगळे 'ओबी' (ओव्हरबर्डन) म्हणतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सने, म्हणजे आपल्या वेकोलिने, नागपूर जिल्ह्यातील भानेगाव येथे ओबीतल्या वालुकाश्मापासून वाळू काढण्याचा प्रयोग केला आणि पुढे गोंडेगाव येथे दिवसाला सुमारे अडीच हजार घनमीटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. ती वाळू प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांसाठी दिली गेली. नदीचे पात्र न उपसता वाळू मिळाली, ही लहान गोष्ट नाही. मात्र वाळूचा विषय तुलनेने सोपा आहे, कारण तिथे ठिसूळ वालुकाश्म हाच कच्चा माल असतो. तो दळायचा, धुवायचा आणि चाळायचा. रस्त्याचे तसे नाही. रस्त्याच्या प्रत्येक थराला वेगळ्या गुणाचा दगड लागतो आणि ओबी ही काही एकजिनसी वस्तू नाही. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्याशिवाय 'टाकाऊतून टिकाऊ' अशा घोषणा देऊन ढिगाऱ्यांवरून सरसकट हायवा ट्रक भरले, तर रस्ते दोन पावसाळ्यांत खचतील आणि एका चांगल्या कल्पनेची कायमची बदनामी होईल.

वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणीचा उभा छेद डोळ्यांपुढे आणावा. सर्वांत वर काळी कसदार माती असते, तिच्याखाली पिवळी चिकणमाती आणि गाळाचे थर. वणी परिसरासारख्या काही ठिकाणी त्याखाली दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, थर लागतो. मग येतो कामठी मालिकेचा वालुकाश्म, कोठे लोहामुळे तांबूस आणि बऱ्यापैकी टणक, तर कोठे हातात चुरा होणारा. त्याखाली बराकार मालिकेचा पांढुरका-करडा वालुकाश्म असतो आणि त्यातच कोळशाचे थर. दोन कोळसाथरांच्या मधे जो काळा, पापुद्रे सुटणारा शेल असतो, त्यात कोळशाचा अंश असतो आणि बहुधा पायराइट हे लोह-गंधकाचे खनिजही. एकाच खाणीच्या एकाच भिंतीत इतके प्रकार एकावर एक रचलेले असतात. शॉवेल त्यांना पायरीपायरीने खणते, म्हणजे निसर्गाने ते वेगळे ठेवलेले असतात आणि खाणकामाच्या पद्धतीतही ते काही काळ वेगळेच राहतात. ते एक होतात ते डंपरने ढिगाऱ्याच्या कड्यावरून खाली ओतल्यावर. काळी माती, बेसाल्ट, वालुकाश्म आणि जळका शेल त्या उतारावर असे मिसळतात की, नंतर कोणत्याही वाजवी खर्चात ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे की, रस्त्यासाठीचा खडक खाणीच्या पायरीवरच, खोदतानाच वेगळा काढला पाहिजे. जुने ढिगारे उकरून रस्ते बांधण्याचा विचार दुय्यम ठेवावा. निवड करण्याची संधी शॉवेलचा बकेट डंपरमध्ये रिकामा होतो त्या क्षणापर्यंतच असते, आणि ती साधण्यासाठी खाणीच्या उत्पादन-आराखड्यात अमुक पायरीचा बेसाल्ट, अमुक पायरीचा टणक वालुकाश्म स्वतंत्र साठ्यावर जाईल, अशी नोंद आधीपासून असावी लागते.

हे का परवडते, याचे उत्तर रस्त्याच्या पोटात दडलेल्या परिमाणांत आहे. माथ्यावर १२ मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर उंच भरावाचा, दोन्ही बाजूंना एकास दोन असा उतार असलेला दुपदरी रस्ता घेतला, तर एका किलोमीटरच्या भरावाला, त्यातली सबग्रेड, म्हणजे भरावाचा दाबून घट्ट केलेला वरचा थर, धरून, १४,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ४,९०० ब्रास सामग्री लागते. त्यावरचा २०० मिलिमीटर जाडीचा जीएसबीचा, म्हणजे खालच्या दाणेदार पायाथराचा, थर पूर्ण रुंदीत टाकला, तर २,४०० घनमीटर. त्यावर सात मीटर रुंदीत २५० मिलिमीटर वेट मिक्स मॅकॅडम (पाणी मिसळून दाबलेली खडी) म्हणजे १,७५० घनमीटर, आणि वरचे डांबरी थर मिळून ९० मिलिमीटर धरले तर ६३० घनमीटर. ही सारी दाबून बसवलेली परिमाणे आहेत. सुटा माल याहून अधिक लागतो. तरी प्रमाण तेच राहते. एकूण सामग्रीपैकी खरोखर उत्तम दर्जाची गिट्टी जिथे अनिवार्य आहे तो भाग जेमतेम तेरा टक्के भरतो. उरलेल्या सत्याऐंशी टक्क्यांत मध्यम किंवा दुबळा, पण स्वच्छ आणि न फुगणारा खडक चालतो. आपण मात्र त्या सत्याऐंशी टक्क्यांसाठीसुद्धा टेकड्या पोखरतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांतही हीच उतरंड आहे. दगडावर ठरावीक वजनाचा घण ठरावीक वेळा पाडून त्याचा किती भुगा होतो ते मोजतात. त्याला आघात मूल्य म्हणतात. डांबराच्या सर्वांत वरच्या, चाकाखालच्या बिटुमिनस काँक्रीटच्या थरासाठी ते २४ टक्क्यांहून अधिक चालत नाही, त्याखालच्या दाट डांबरी थरासाठी २७, वेट मिक्ससाठी ३०, तर जीएसबीसाठी ४० टक्क्यांपर्यंत चालते. चांगला टणक बेसाल्ट या साऱ्या कसोट्या सहज पार करतो. कामठी वालुकाश्माचा टणक भाग जीएसबीच्या कसोटीला उतरू शकतो, पण डांबरी थरात तो घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर तो पाणी अधिक पितो आणि विनिर्देशांत त्यासाठी दोन टक्क्यांची मर्यादा आहे. दुसरे म्हणजे सिलिकाप्रधान दगडाला डांबर घट्ट धरत नाही; पावसाळ्यात पाणी आत शिरले की, डांबराचा लेप सुटतो आणि खडी उघडी पडते. बेसाल्टला डांबर चांगले चिकटते, हे आपल्या राज्याचे भाग्य आहे. तरीही बेसाल्ट म्हणून जे जे निघेल ते सारे उत्तमच असते असे नाही. पोकळ्यांमध्ये झिओलाइट हे मऊ खनिज भरलेला, सडलेला किंवा दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यालगतचा बेसाल्ट दिसायला काळा असला तरी हवेत आणि पाण्यात सुटतो. तो बाजूला ठेवावाच लागेल.

विदर्भाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र वालुकाश्माचा साधा, खालच्या थरांतला उपयोग. वर्धा, पैनगंगा आणि इरईच्या खोऱ्यांतले रस्ते बहुतांशी काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, आणि तिच्यावर कितीही उत्तम डांबरीकरण केले तरी दोन-तीन वर्षांत कडा खचून लांबच लांब चिरा पडतात. भिजल्यावर तिची भारधारणक्षमता, जी आम्ही सीबीआरमध्ये मोजतो, दोन-तीन टक्क्यांवर येते. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ती माती काढून किंवा झाकून तिच्यावर न फुगणाऱ्या सामग्रीचा पुरेसा जाड थर देणे. त्यासाठी चांगला मुरूम लागतो आणि नेमक्या या पट्ट्यात चांगला मुरूम दुर्मीळ होत चालला आहे. फोडून चाळलेला, चिकणमातीपासून वेगळा ठेवलेला वालुकाश्म या थराला अगदी योग्य आहे. त्याला पाण्याचा निचरा होतो, तो फुगत नाही आणि योग्य ओलाव्यावर रोलरखाली चांगला बसतो. जिथे तो थोडा कमी पडेल तिथे अल्प प्रमाणात सिमेंट मिसळून सिमेंटयुक्त पायाथर करता येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या लवचीक रस्त्यांच्या संहितेत, म्हणजे आयआरसी ३७ मध्ये, त्याची रीत दिलेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखानेही आहेत, हे वेगळे सांगायला नको.

याच कारणासाठी पांदण रस्त्यांचा विचार मी महामार्गांच्या आधी करीन. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. त्या रस्त्यांना खडीकरणापुरताच निधी असतो आणि काळ्या मातीत ते खडीकरण पहिल्याच पावसाळ्यात खाली बसते. खाणीपासून पाच-दहा किलोमीटरच्या आतल्या गावांना स्वच्छ वालुकाश्म आणि बेसाल्टचा डब्बर (मोठे फोडलेले दगड) वाहतूक खर्चापुरत्या दरात मिळाला, तर शेतकऱ्याचा कापूस आणि सोयाबीन ऐन हंगामात घरी येईल. खाणीच्या सुरुंगांनी ज्यांच्या घरांच्या भिंती तडकल्या आणि ज्यांच्या विहिरींचे पाणी खाली गेले, त्या गावांचा या दगडावर पहिला हक्क आहे, असे मी मानतो.

आता यातले धोके, कारण त्यांच्याकडे कानाडोळा करून हा विषय पुढे नेणे योग्य होणार नाही.

पहिला धोका त्या काळ्या शेलचा. कोळशाचा अंश असलेला शेल उन्हात आणि हवेत तापतो, कधी पेट घेतो. ढिगाऱ्यांतून धूर निघताना या भागातल्या लोकांनी पाहिलेला आहे. त्यातल्या पायराइटचे पाणी-हवेशी संयोग होऊन आम्ल आणि सल्फेट तयार होतात, आणि ते भरावातून झिरपून मोऱ्यांच्या काँक्रीटला खातात. भरावात असा शेल पुरणे म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात दुरुस्ती बांधणे होय. माझ्या नोकरीच्या काळात एका रस्त्यावर जुन्या ढिगाऱ्यावरचा माल आला होता. आरंभीच्या गाड्यांत स्वच्छ तांबूस वालुकाश्म होता, चाचण्या उत्तम आल्या, आणि पुढे त्याच प्रमाणपत्राच्या आधारे येणाऱ्या गाड्यांत निम्मा काळा शेल व चिकणमाती निघू लागली. तो थर आम्हाला उकरून काढावा लागला. दगडखाणीच्या बाबतीत हंगामात काही ठरावीक चाचण्या पुरतात, कारण तिथला खडक बहुधा सारखा असतो. ओबीच्या बाबतीत प्रत्येक साठ्याची स्वतंत्र चाचणी हवी, आणि साठ्यावर फलक लावून तो मंजूर झाल्याशिवाय एकही गाडी हलू नये. साठा पायरीवरून वेगळा आलेला असेल तर हे शक्य आहे. ढिगाऱ्यावरून उचललेल्या मालात ते जवळजवळ अशक्य असते.

दुसरा धोका माणसांच्या जिवाचा आहे. ढिगाऱ्याचा उतार त्याच्या पायथ्याच्या आधाराने उभा असतो. पायथ्याशी जेसीबी लावून माल भरायला सुरुवात केली की, वरचा भाग कधी घसरेल याचा नेम नसतो. झारखंडमधील राजमहलच्या लालमटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ओबीचा ढीग कोसळून २३ कामगार गाडले गेले, ही घटना फार जुनी नाही. त्यामुळे जुन्या ढिगाऱ्यातून माल घ्यायचाच असेल, तर तो वरून खाली, पायऱ्या पाडत, खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नियमांखाली आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या देखरेखीत घेतला पाहिजे. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना 'घेऊन जा' म्हणणे हा त्यांच्यावर उपकार नव्हे. ज्या ढिगाऱ्यांवर झाडे लावून ती जगली आहेत, त्यांना तर हातच लावू नये. याउलट इरई आणि वर्धेच्या पात्रांलगत जे ढिगारे आहेत, ज्यांची माती पावसात वाहून नदीत येते, त्यांचा विचार सर्वांत आधी व्हावा. २०१३ आणि २०२२ चे पूर चंद्रपूरकर विसरलेले नाहीत.

तिसरी गोष्ट, खडक फोडताना उडणाऱ्या धुळीची. वालुकाश्मात मुक्त सिलिका बेसाल्टपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि ती धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की, सिलिकोसिस होतो. या आजारावर इलाज नाही. क्रशरवर पाण्याचे फवारे, झाकलेले पट्टे आणि कामगारांची नियमित छातीची तपासणी या अटी निविदेतच असाव्यात, आणि त्यांचा खर्च दरात धरलेला असावा. तो दरात धरला नाही तर अट कागदावर राहते, हा अनुभव सर्वांचा आहे.

धातूंच्या खाणींच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे लागते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या पिचर या गावी शिसे आणि जस्ताच्या खाणींतून निघालेली बारीक खडी दशकानुदशके रस्त्यांत, अंगणांत आणि घरांच्या पायात वापरली गेली. त्या खडीतले शिसे मुलांच्या रक्तात उतरले. १९८३ मध्ये तो परिसर तिथल्या केंद्र सरकारच्या विषारी स्थळांच्या यादीत गेला आणि शेवटी लोकांना गाव सोडावे लागले. पुढे २००७ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने या खडीच्या रस्त्यांतील वापरासाठी नियम केले. त्यांचा मुख्य आधार हा की, खडी डांबरात किंवा काँक्रीटमध्ये बंदिस्त झालेली असावी. याउलट मिनेसोटा राज्यातील मेसाबी पट्ट्यातले लोहखनिज काढल्यावर उरणारा कठीण दगड तिथल्या डांबरी रस्त्यांत अनेक दशके वापरला जात आहे. दोन्ही खाणीचाच उरलेला दगड, पण दगडात काय आहे हे तपासल्याशिवाय त्यांना एका मापाने मोजता येत नाही. आपल्याकडे भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणींतल्या दगडालाही हाच न्याय लावावा लागेल. तिथला क्वार्ट्झाइट टणक असतो, पण त्याच्या जोडीने येणारा अभ्रकी शिस्ट पापुद्र्यांचा आणि रस्त्यासाठी निरुपयोगी असतो. गडचिरोलीतल्या सुरजागडचा पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइट तर पोलादासारखा कठीण आहे, आणि खनिजाच्या ट्रकांनी तिथल्या रस्त्यांची जी दशा केली ती पाहता तो त्याच रस्त्यांत वापरावा असे कोणालाही वाटेल. परंतु त्यात लोहाचा अंश मोठा असतो, तो समृद्ध करून वापरण्याचे तंत्र आता आले आहे, आणि उद्या खनिज ठरणारा दगड आज रस्त्याखाली पुरणे शहाणपणाचे नाही.

खाणी बंद करण्याच्या नियमांशीही या विषयाचा संबंध आहे आणि त्यावरून आक्षेप येतो तो विचारात घेण्याजोगा आहे. ओबीचा पहिला उपयोग कोळसा काढून झालेली पोकळी पुन्हा भरण्यासाठी व्हायला हवा. ती भरून, वर राखून ठेवलेली काळी माती पसरून जमीन पुन्हा लागवडीखाली यावी, अशी अपेक्षा असते. मग रस्त्याला दगड दिला तर खड्डा कशाने भरणार? याचे उत्तर असे की, फोडलेला खडक मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि खाण सुरू करताना भरायला पोकळीच नसल्यामुळे आरंभीचा सारा माल बाहेरच टाकावा लागतो. बाहेरच्या ढिगाऱ्यांचा उगम तोच आहे. त्यामुळे नव्या खाणीच्या सुरुवातीच्या खोदाईतला आणि विस्तार होत असलेल्या खाणींतला निवडक खडक रस्त्यांना देण्यास वाव आहे. मात्र किती द्यायचा, हे प्रत्येक खाणीच्या बंदीकरण आराखड्याचा हिशेब मांडून ठरावे. रस्त्याची गरज म्हणून भरावाची सामग्री पळवली आणि गावाला कायमचा पाण्याने भरलेला खड्डा मिळाला, असे होता कामा नये.

हे सारे तांत्रिकदृष्ट्या शक्य असूनही होत का नाही, याचे कारण माझ्या मते कागदांत आहे. कोळसा हे मुख्य खनिज, केंद्राच्या अखत्यारीतले. इमारतीचा दगड, मुरूम आणि साधी वाळू ही १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने गौण खनिजे, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याचा. आपल्याकडे ते २०१३ च्या गौण खनिज नियमांखाली चालतात. एकाच खड्ड्यातून निघालेल्या दोन वस्तूंवर दोन सरकारांची नजर असल्याने ठेकेदाराला जवळची टेकडी फोडणे सोयीचे वाटते. त्यातच रस्त्याचे अंदाजपत्रक ज्या दरसूचीवरून तयार होते, तीत 'खाणीतून निवडून काढलेला वालुकाश्म' अशी बाबच नसेल, तर शाखा अभियंता ती कितीही इच्छा असली तरी लिहू शकत नाही. आणि जी बाब अंदाजपत्रकात नाही, ती रस्त्यात येत नाही.

मार्ग निघू शकतो, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावाची माती तलाव आणि नाले खोल करून घेतली गेली. रस्त्याला माती मिळाली आणि गावांना पाणीसाठा. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून तो पुढे नावारूपाला आला. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणताना तिच्यावरचे स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला सहाशे रुपयांवरून दोनशे रुपयांवर आणले. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेसाठी तर केंद्र सरकारच्या अधिसूचना १९९९ पासून आहेत, आणि आज वीज केंद्रापासून तीनशे किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या कामांना राख वापरण्याचे बंधन आहे. राखेसाठी जे होऊ शकते ते खाणीतल्या खडकासाठी का होऊ नये? माझ्या मते तीनशे किलोमीटर इतके अंतर मात्र दगडाला लावू नये. दगड जड असतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे त्याची किंमत कमी आणि डिझेलची जास्त, अशी स्थिती येते. वरून त्या वाहतुकीने दुसरेच रस्ते तुटतात. बंधन घालायचे तर ते जवळच्या पट्ट्यापुरते आणि योग्य थरांपुरते घालावे. राखेच्या नियमांनी एक नवी अडचणही आणली आहे: ओबीच्या ढिगाऱ्यांत राख मिसळली जाते, आणि असा मिश्र माल रस्त्याच्या कामाला येत नाही. निवडक खडक राख मिसळण्याआधीच वेगळा निघाला पाहिजे, याला हे आणखी एक कारण.

तेव्हा माझी विनंती राज्याच्या महसूल व सार्वजनिक बांधकाम विभागांना, आणि त्यांच्यामार्फत वेकोलिला आहे. चालू खाणींपैकी ज्यांच्यात बेसाल्ट किंवा टणक वालुकाश्म लागतो त्यांची पायरीनिहाय चाचणी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या तटस्थ संस्थेकडून करून घ्यावी, आणि तिचे निकाल लोकांना पाहता येतील असे जाहीर करावेत. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांच्या दरसूचीत या सामग्रीच्या बाबी घालाव्यात, स्वामित्वधन कृत्रिम वाळूप्रमाणे सवलतीचे ठेवावे आणि पांदण रस्त्यांसाठी ते माफ करावे. काळ्या मातीवरचा एखादा राज्यमार्ग निवडून त्याच्या अर्ध्या लांबीत नेहमीचा मुरूम आणि अर्ध्या लांबीत वालुकाश्म वापरावा, आणि किमान तीन पावसाळे त्याच्या कडा, चिरा व दबलेपणा यांची मोजमापे घ्यावीत. हा प्रयोग महामार्गांच्या कामाबरोबर चालू शकतो; मात्र चाचण्या आणि दरसूचीचे काम महामार्गांच्या निविदा निघण्यापूर्वी उरकले पाहिजे. निविदा एकदा निघाल्या की, ठेकेदाराच्या दरात टेकडीवरची गिट्टी आणि गायरानातला मुरूम गृहीत धरलेला असतो, सामग्रीचा स्रोत बदलणे म्हणजे करारातील दरांचा वाद होतो, आणि तो वाद मिटेपर्यंत भराव पूर्ण झालेला असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता,
वरोरा, जि. चंद्रपूर